रुपयात बारा आणे

"आजी, दुखणं किती आहे? शून्य ते दहा सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

पहाटेचे साडेपाच वाजले होते. मायचा उजवा गुडघा आदल्या दिवशीच बदललेला. सिस्टर कागदावर पेन टेकवून उभी. माय माझ्याकडे बघायला लागली. उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत जाड बँडेज, टाचेखाली गुंडाळी केलेला टॉवेल, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, पाय वाकडा राहतो, असं रात्री तीनदा बजावून झालेलं होतं.

"कितलं सांगू?" तिने मलाच विचारलं.

"तुला वाटेल तेवढं सांग."

तिने डोळे मिटले, पायाचा अंदाज घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, "रुपयामा बारा आना."

सिस्टर पारोळ्याकडची होती म्हणून बरं. ती हसली नाही. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया, पाऊण म्हणजे साडेसात, असा हिशोब तिने मनातल्या मनात केला आणि कागदावर आठ लिहिले. "आमच्या चार्टमध्ये अर्धा नसतो, ताई."

मी बँकेत नोकरी करते. आकड्यांशी माझं दिवसभराचं नातं. पण मायच्या तोंडून दुखण्याचा आकडा मी त्या पहाटे पहिल्यांदा ऐकला. तोवरच्या बहात्तर वर्षांत तिचं उत्तर एकच असायचं: "दुखस थोडंसं." बाळंतपणात थोडंसं, विंचू चावला तेव्हा थोडंसं, आणि गेली बारा वर्षं गुडघे थोडेसे.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठावर. घरात बोली अहिराणी. मायचं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. निंदणी उकिडवं बसून, भांडी उकिडवं बसून, चूल तर उकिडवं बसूनच. त्यात तिचे मांडे पंचक्रोशीत प्रसिद्ध. खान्देशाबाहेरच्यांना मांडा म्हणजे काय ते सांगून कळत नाही, बघावं लागतं. पुरण भरलेला गोळा आधी पोळपाटावर थोडा लाटायचा, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत खेळवत एवढा मोठा करायचा की पलीकडचं दिसावं. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तो एका झटक्यात पसरायचा. हात वर, नजर खापरावर, सगळा भार चवड्यांवर आणि गुडघ्यांत. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय एका बैठकीत चाळीस-पन्नास मांडे करायची. मधे उठायची नाही, कारण उठलं की पुन्हा बसणं कठीण. हे कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

आता पुडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आठवडे बाजारात एक माणूस यायचा. चादरीवर मुळ्या, साली, काचेच्या बरण्या मांडून बसायचा. सांधेदुखीवर तपकिरी पूड द्यायचा. कागदाच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याबरोबर. शंभर टक्के जडीबुटी. मायने शेजारणीचं ऐकून सुरू केली. तिसऱ्या दिवशी ती जिना चढून गच्चीवर गेली आणि वरून मला फोन केला, "गच्चीवरथून बोलस!" आम्ही सगळे खूश. दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा भरला, गाल वर आले, भूक वाढली. बायका म्हणायला लागल्या, सुनेचे पाय घरात लागायच्या आधीच सासू टुमटुमीत झाली. धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं होतं. त्या लग्नात मायने काय केलं नाही ते विचारा.

पुडी दीड वर्ष चालली. मग एका पावसाळ्यात तो माणूस बाजारात यायचा बंद झाला. दहा-बारा दिवसांनी मायला उलट्या सुरू झाल्या, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी, आणि एका सकाळी न्हाणीच्या दारात ती कोसळली. धुळ्याला नेलं तेव्हा वरचा रक्तदाब ऐंशीच्या आत होता. तिथल्या डॉक्टरांनी तिचा गोल चेहरा, दंडांवरचे काळेनिळे डाग आणि कागदासारखी झालेली कातडी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "सांधेदुखीसाठी बाहेरचं काय घेता?"

पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, असं त्यांनी सांगितलं. असे प्रकार देशभर सापडतात, त्यात नवल नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. रोज लागणारं कॉर्टिसोल शरीर तिथे स्वतः तयार करतं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या ग्रंथी काम सोडून झोपी जातात. आणि बाहेरचं एका दिवशी बंद झालं की झोपलेल्यांना लगेच जाग येत नाही. मायचं तेच झालं. मग कितीतरी महिने गोळीचा डोस अगदी थोडा थोडा कमी करत तिला त्यातून बाहेर काढलं.

तेव्हापासून आमच्या घरात 'स्टेरॉइड' हा शब्द शिवीसारखा. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्ये काळ्या बुरशीने नात्यातल्या एका काकांचा डोळा काढावा लागला. मधुमेह होता आणि स्टेरॉइडही बरंच दिलेलं होतं. तेव्हा तर दादा म्हणाला होता, आपल्या घरात पुन्हा हे नाव नको.

गुडघे अर्थातच थांबले नाहीत. एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली फट उजव्या बाजूला नाहीशीच झालेली. गेल्या दिवाळीत माय चुलत भावाकडे गेली होती, तिथे कुणीतरी तिला डॉक्टरकडे नेऊन गुडघ्यात इंजेक्शन देऊन आणलं. आम्हाला पत्ता नाही. जळगावला सर्जनने फाइल चाळली, इंजेक्शनची तारीख विचारली आणि म्हणाले, "मग तीन महिने थांबू." सांध्यात स्टेरॉइड सोडल्यावर लगेच तिथे कृत्रिम सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. दादाने माझ्याकडे बघितलं. पुन्हा तेच नाव.

तीन महिन्यांत आम्ही पैशाची जुळवाजुळव केली. या निमित्ताने एक गोष्ट कळली. पूर्वी गुडघ्याच्या सांध्याची किंमत कंपनी आणि रुग्णालय लावतील ती असायची. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने तिच्यावर कमाल मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला ती तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती. पुढे आकडे बदलत गेले, पण बिलात सांध्याची ओळ वेगळी दिसायला लागली आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले मिळायला लागले. मायने ते स्टिकर निरखून बघितले आणि विचारलं, "एवढा पैसामा बैल येता ना?" येतो की. चांगल्या जोडीतला एक येतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ आल्या. पस्तिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले. "मावशी, पूर्वी कधी काही मोठं आजारपण?" मायने नेहमीप्रमाणे "काही नही" म्हटलं. मग मी पुडीचं सगळं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून नीट ऐकलं. सकाळी आठची कॉर्टिसोलची रक्ततपासणी आधीच झालेली होती, तो कागद काढून दाखवला. आकडा ठीक होता. ग्रंथी जाग्या झालेल्या होत्या.

मग त्या म्हणाल्या, "उद्या थिएटरमध्ये आम्ही यांना डेक्सामेथासोन देऊ. आणि चोवीस तासांनी आणखी एक डोस."

दादाने विचारलं, "म्हणजे स्टेरॉइड?"

"हो."

"मॅडम, आत्ता तर सांगितलं ना तुम्हाला सगळं!"

त्या चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण दादाला पटलं ते त्यांनी ठिबकचं उदाहरण दिल्यावर. मॅडमच्या माहेरी रावेरला केळी आहे.

गुडघा बदलतात म्हणजे मांडीच्या हाडाचं टोक आणि नळीच्या हाडाचं डोकं करवतीने कापून त्यांवर धातूची टोपणं बसवतात, मधे प्लॅस्टिकची चकती. एवढी कापाकापी झाली की तिथल्या पेशींच्या आवरणातून एक आम्ल सुटतं, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन वगैरे रसायनं बनतात, आणि मग सूज, लाली, ठणका. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या यातली एक वाट अडवतात. म्हणजे ठिबकच्या एका लॅटरलचा, झाडांच्या ओळीतल्या बारीक नळीचा, कॉक बंद केल्यासारखं. डेक्सामेथासोन बरंच वर, सबमेनलाच, म्हणजे सगळ्या लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपलाच हात घालतं. पण त्याचा हात सावकाश पोचतो. पेशीच्या गाभ्यात जाऊन कुठली प्रथिनं बनवायची आणि कुठली नाही हे ते बदलतं, त्याला काही तास लागतात. म्हणून पाणी सुटायच्या आधीच, म्हणजे चिरा देण्यापूर्वी किंवा त्या सुमारालाच ते द्यायचं. एकदा लागलं की दीड-दोन दिवस टिकतं.

"पुडीत पण हेच असेल ना?" दादा.

"हे किंवा याचं भावंड. पुडीत किती होतं कुणाला माहीत? दीड वर्ष रोज होतं. मी दोनदा देणार, आठ-आठ मिलिग्रॅम, आणि त्यानंतर साखर तपासणार. हे मी कागदावर लिहून सही करून देते. पुडीवाल्याने कधी दिलं होतं?"

आठ मिलिग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण डेक्सामेथासोन शरीरातल्या कॉर्टिसोलपेक्षा वजनाला वजन पंचवीसपटींहून जोरकस. म्हणजे शरीर दहा दिवसांत जेवढं कॉर्टिसोल तयार करेल तेवढा जोर एका सुईत. हे त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही, आणि बहुधा त्यामुळेच मी सही केली. ज्या माणसाला आपल्याला काही विकायचं असतं तो असा आकडा आपणहून सांगत नाही.

रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. झोप येणार नव्हतीच. डेन्मार्कमधल्या पाच रुग्णालयांत गुडघा बदललेल्या ४८५ जणांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये छापून आला आहे. काहींना २४ मिलिग्रॅमचा एक डोस, काहींना चोवीस तासांच्या अंतराने दोन, काहींना नुसतं सलाइनचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते रुग्णाला माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. पहिल्या ४८ तासांत दोन डोसवाल्यांना पाणीवाल्यांपेक्षा मॉर्फिन कमी लागलं, फरक साधारण १० मिलिग्रॅमचा. दुखणंही कमी. ऐकून कुणी म्हणेल, दहाच? चमत्कार नाहीच तो. पण मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधं कमी लागली की मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ कमी, आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहायचं असतं तेव्हा डोकं ताळ्यावर असलेलं बरं.

जंतुसंसर्गाची माझी भीती मात्र जात नव्हती. त्यावर २०२१ चा एक मोठा अभ्यास सापडला, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेला. फक्त गुडघ्यांचा नव्हे, निरनिराळ्या शस्त्रक्रियांचा. ८,७०० हून जास्त रुग्ण, निम्म्यांना ८ मिलिग्रॅमचा एकच डोस. महिन्याभरात जखमेत जंतुसंसर्ग झाला तो डेक्सामेथासोनवाल्यांत ८.१ टक्के जणांना, न दिलेल्यांत ९.१ टक्के. म्हणजे वाढला नाही. हे वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. दादा बाहेरच्या बाकावर उपरणं तोंडावर घेऊन झोपला होता.

औषधाची गोष्टही मोठी विचित्र आहे. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने खिळून पडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, तेव्हा त्याला 'कंपाउंड ई' म्हणत. काही दिवसांत ती बाई चालायला लागली आणि गावात जाऊन खरेदी करून आली. तिचं ते बाजारात जाणं आणि मायचं गच्चीवर जाणं मला एकच वाटतं. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि गोल चेहरे, पातळ हाडं, वाढलेली साखर हेही डॉक्टरांना लवकरच दिसायला लागलं. डेक्सामेथासोन हे त्याच घराण्यातलं पुढचं अपत्य. जून २०२० मध्ये कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांचे जीव वाचवणारं पहिलं औषध ठरलं ते हेच, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. एवढ्याच डोसचा कागद सगळ्यांनी पाळला असता तर आमच्या काकांचा डोळा राहिला असता की नाही, मला सांगता येत नाही. त्या दिवसांत कोण काय पाळत होतं?

मंगळवारी साडेनऊला मायला आत नेलं. पाठीत सुई, मांडीत नस बधिर करण्याचं आणखी एक इंजेक्शन. दीड तासात बाहेर. संध्याकाळपर्यंत ती चहा मागत होती आणि आम्हाला वाटलं, सुटलो. मांडीतल्या इंजेक्शनचा असर पहाटे उतरला, तेव्हाचे ते बारा आणे.

साडेनऊला दुसरा डोस. सिस्टरने छोट्या बाटलीतलं औषध सलाइनमध्ये मिसळून घेतलं. जगभर जिच्यावर एवढा कीस पाडला गेला ती बाटली, आणि तिची किंमत दहा-वीस रुपये. "आजी, सावकाश देते. थोडं कसंतरी वाटेल, लगेच जाईल." अर्ध्या मिनिटात मायचे डोळे विस्फारले. तिने मला खाली वाक अशी खूण केली आणि कानात सांगितलं की खाली, भलत्याच जागी, मुंग्या डसताहेत. मी घाबरून सिस्टरकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "होतं. या औषधाचं तसंच आहे." खरंच मिनिटभरात थांबलं. मायने मात्र पदराने तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं असतं तर तिची एवढी कुचंबणा झाली नसती. सगळे आकडे सांगितले, हे राहिलं.

दुपारी फिजिओथेरपीचा मुलगा आला. टाच पलंगावर दाबा, चवडा वर-खाली करा, आता पाय सरळ ठेवून उचला. उचलला. वॉकर धरून चार पावलं. संध्याकाळी सिस्टरने पुन्हा विचारलं, "आजी, आता किती?" आता त्या दोघींची भाषा जमली होती.

"सहा आना."

शेजारच्या खाटेवर चोपड्याच्या एक बाई होत्या, दोन दिवस आधी त्यांचाही गुडघा झालेला. त्यांना मधुमेह. त्यांना भूलतज्ज्ञांनी एकच डोस दिला होता, दुसरा नाही, आणि तरीही त्यांची साखर तीनशेच्या वर गेली. दर काही तासांनी बोटाला सुई आणि इन्सुलिन चालू होतं. त्यांचा मुलगा मला विचारत होता, तुमच्या आईला दोन आणि आमच्या आईला एकच का? मी म्हटलं मॅडमना विचार. त्याने विचारलं आणि त्यांनी त्यालाही खुर्ची ओढून सांगितलं. हे खुर्ची ओढणं आपल्याकडे इतकं दुर्मीळ आहे की मी ते मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बुधवारची रात्र. या औषधाने झोप उडते, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण झोप उडालेली माय कशी असते ते कागदावर नव्हतं. तिचे डोळे लख्ख. अकराला तिने भूक लागली म्हणून दोन बिस्किटं खाल्ली. बाराला ती मामाच्या गावच्या विहिरीबद्दल बोलायला लागली. एकला माझ्या जन्माच्या वेळी निंदणीला गेली होती ते. मी आयुष्यात तिला सलग एवढं बोलताना ऐकलेलं नव्हतं. बाहेर अजून फेब्रुवारीतली बरी हवा होती, खिडकीतून बसस्टँडवरचे आवाज येत होते. वॉर्डातला पंखा दर फेरीला एकदा टक् असा वाजायचा आणि त्या ठेक्यावर तिचं बोलणं चाललेलं.

तीनच्या सुमारास ती म्हणाली, "ती पुडी शे ना, मले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"तिनामा काहीतरी शे ते. इतलं लवकर देव बी पावत नही."

मी उठून बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी गच्चीवर गेली तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. शेजारणीचं तोंड सुजलेलं तिला दिसत होतं. पण भावाचं लग्न होतं. वरमाय खुर्चीवर बसून राहिली तर सोयरे काय म्हणतील? आणि मांडे. व्याह्यांच्या पंगतीला तिच्या हातचे मांडे वाढायचे होते. लग्न होऊ दे मग सोडू, असं तिने ठरवलं. लग्न झालं. मग सुनेची पहिली अखाजी आली. मग कानबाईच्या सणाचे रोट आले. तोवर सोडायचं म्हटलं तरी अंग सोडू देत नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही बठ्ठा इतला खूश व्हतात."

ते खरं होतं. तिच्या गच्चीवरच्या फोनचं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. मी तो माणूस कुठल्या गावच्या बाजाराला बसतो तेही दोन-तीन जणींना सांगितलं होतं. त्यातल्या एकीच्या सासूने पुडी घेतली की नाही, मी नंतर कधी विचारलं नाही. धुळ्याहून परत आल्यावर विचारायला हवं होतं.

माय बोलत राहिली. मी तिचा हात धरून ऐकत राहिले. चारला तिचा डोळा लागला आणि साडेपाचला सिस्टर पुन्हा आली.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी घरी आलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं थोडं परत वाढलं, औषधाचा असर उतरल्यावर तसं होऊ शकतं, हे आम्हाला सांगून ठेवलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. घरी गोळ्या फक्त नेहमीच्या दुखण्याच्या, स्टेरॉइडची एकही नाही. दादाने प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचून खात्री केली आणि मेडिकलवाल्यालाही विचारून आला. पंधराव्या दिवशी टाके निघाले. कमोडची खुर्ची आणली, देवासमोर पाट होता तिथे स्टूल आलं. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, हे सर्जनने सांगितलं तेव्हा मायने मान डोलावली आणि घरी आल्यावर दादाला विचारलं की गॅसच्या ओट्यावर खापर ठेवता येईल का. दादा अजून त्यावर विचार करतो आहे. खापराला चुलीचा जाळ सगळीकडून लागतो, गॅसचा मधेच लागतो. बर्नर मोठा घ्यावा लागेल.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो. एप्रिल लागलेला, जळगाव भट्टीसारखं तापलेलं, रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता. माय काठी टेकत स्वतः आत चालत गेली. सर्जनने गुडघा वाकवून बघितला, शंभर अंशांच्या पुढे गेला होता. त्यांना सिस्टरकडून सगळं कळलेलं असावं, कारण हसत त्यांनी विचारलं, "काय आजी, आता किती आणे?"

"दोन आना," माय म्हणाली.

सर्जन खूश झाले. फाइलवर काहीतरी लिहिलं, तीन महिन्यांनी या म्हणाले.

बाहेर आल्यावर रॅम्पच्या कठड्याला धरून ती जरा थांबली. मी विचारलं, खरंच दोन?

"पाच व्हतीन," ती म्हणाली. "पन त्या पोऱ्याले वाईट वाटतं ना."